हाळीतलं नाव

वाडी सोडली त्या दिवशी मी ज्या ट्रकमधून निघालो, तो मीच भरला होता. मीच म्हणजे आमच्या टोळीनं. पाटणच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्याला टेकून आमची वाडी. तिथं रानातलं लाकूड ट्रकवर चढवणारी टोळी होती आणि लग्नाच्या कितीतरी आधीपासून मी तिच्यात होतो. एस.टी. पकडायची तर डोंगर उतरून अर्धा दिवस चालायला लागे. त्यापेक्षा उस्मानचाचांचा ट्रक बरा. ते आमच्याकडचं लाकूड घेऊन थेट चिंचवडच्या वखारीला जात, आणि तिथं माणसं हवी आहेत हे त्यांनीच सांगितलं होतं. मी ट्रंक केबिनमध्ये ठेवली, सदरा काढून ट्रंकेवर टाकला आणि टोळीत जाऊन उभा राहिलो. निघायच्या दिवशी तरी कामाला हात लावू नकोस, असं आई म्हणत होती. पण एक माणूस निघाला म्हणून ओंडका काही हलका होत नाही.

जाण्याचं कारण मोठं नव्हतं. शेत एका भावाचं पोट भरेल एवढं आणि आम्ही भाऊ दोन. धाकट्याला शेताची आवड होती, मला नव्हती. लाकडाचं काम पावसाळा सुरू झाला की बंद. मला कुणी घालवलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. साठ-सत्तरच्या मधली ती वर्षं, आणि तेव्हा आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक घरातून एखादा तरी असाच निघत होता.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वाडीतल्या लोकांनी एवढा भाग वाचला नाही तरी चालेल, नाहीतर आमच्या टोळीतला गणपा माझ्या चुका काढत बसेल. तेव्हा क्रेन वगैरे काही नव्हतं. ट्रक उताराच्या खालच्या अंगाला उभा करायचा. दोन जाड सोट जमिनीपासून ट्रकच्या हौद्यापर्यंत तिरके टेकवायचे. त्यांच्या पायाशी ओंडका आडवा आणून ठेवायचा आणि मनगटाएवढे जाड दोन दोर, त्यांना आम्ही सोल म्हणतो, ओंडक्याखालून घालून ट्रकवरून पलीकडे न्यायचे. पलीकडे निम्मी माणसं सोल खांद्यावर घेऊन, ट्रककडे पाठ करून, पुढं वाकून ओढत. उरलेली अलीकडून पहारी घालून रेटत आणि ओंडका वर सरकेल तशी त्याच्याखाली पाचर मारत. ओंडका सोटांवरून लोळत लोळत वर जायचा. एकाचा जोर आधी लागला आणि दुसऱ्याचा मागाहून, तर ओंडक्याचं एक टोक पुढं जातं, तो तिरका होतो, आणि ऐनासारख्या जड झाडाचा तिरका झालेला ओंडका कुणाचं ऐकत नाही.

म्हणून हाळी. एकानं बोल म्हणायचे, सगळ्यांनी ‘हो’ म्हणायचं आणि त्या ‘हो’वर ओढायचं. आमच्या टोळीची हाळी माझे वडील देत. आबा. त्यांचा आवाज गोड नव्हता, भजनात त्यांना मागच्या रांगेत बसवत. पण ओंडक्याच्या टोकाशी उभे राहून त्यांनी पहिला बोल काढला की पलीकडच्या डोंगरावर गुरं राखणाराला कळायचं, आज भरणी आहे.

आबांच्या हाळीत देवाचं नाव एकदाच, सुरुवातीला. मग माणसांची नावं. ज्याचं नाव आलं त्यानं पाय रोवून भार घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या जोराला जोर द्यायचा. नावाबरोबर त्याची थोडी चेष्टा ठरलेली. कुणाची बायको माहेरी गेली, कुणाचा रेडा हरवला, कुणी उसनं नेलेलं जातं परत केलं नाही, सगळं हाळीत यायचं. वाडीतली बातमी आधी हाळीत आणि मग चुलीपाशी. माझं लग्न ठरल्याचं मलाही तिथंच कळलं.

किसनाला नवरी — होऽ
मोरगिरीची — होऽ
भाकरी तिची — होऽ
तव्याएवढी — होऽ

त्या दिवशी मी इतक्या जोरात ओढलं की माझ्या बाजूचं टोक पुढं गेलं आणि आबांनी हाळी थांबवून चार माणसांत मला शिव्या घातल्या. शालन अजून ही गोष्ट ऐकली की म्हणते, माझ्या भाकरीनं तुमचा ओंडका पडला असता.

हाळीचा एक नियम होता आणि तो फार कडक होता. ज्याचा हात त्या क्षणी सोलावर नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. कारण नाव आलं की सगळे त्या माणसाच्या जोराची वाट बघतात. एकदा सवयीनं आबांच्या तोंडून एकाचं नाव गेलं, आणि तो नेमका पाणी प्यायला गेलेला. सगळ्यांचे हात अर्धा श्वास थांबले, तेवढ्यात ओंडका मागं आला. पाचर बसलेली होती म्हणून निभावलं. तेव्हापासून आबा आधी रांगेवर नजर टाकत आणि मगच नाव घेत. जो टोळी सोडून गेला, त्याचं नाव हाळीतून जायचं. त्यात राग-लोभ नव्हता.

तर त्या दिवशी मी सोल खांद्यावर घेतला, ट्रककडे पाठ केली आणि हाळी सुरू झाली. गणपाचं नाव आलं, सदूचं आलं, धाकट्याचं आलं. माझं आलं नाही. मला वाटलं, पुढच्या ओंडक्याला घेतील. पुढच्या ओंडक्याला गणपाचं पुन्हा आलं. शेवटचा ऐन सगळ्यांत जड होता, त्याला बराच वेळ लागला, सगळी नावं दोन-दोनदा फिरली. माझे हात सोलावर होते, तळवे सोलून निघाले होते आणि माझं नाव नव्हतं.

सोल गुंडाळून झाले. मी सदरा घातला, आईच्या पाया पडलो, आबांच्या पाया पडलो. शालन माहेरी होती, खोली मिळाली की तिला न्यायचं ठरलं होतं. आई म्हणाली, “जेवनाची आबाळ करू नगंस.” आबा म्हणाले, “दार धरून बस. कडी सैल हाय.” ट्रक निघाला. मी खिडकीतून मागं वळून पाहिलं, तेव्हा आबा वाकून सोट उचलत होते. टोळीनं एकदा तरी ओरडावं असं मला वाटत होतं. कुणी ओरडलं नाही.

उंब्रज गेलं, सातारा गेला, कात्रजचा घाट गेला, तरी माझ्या डोक्यात तेच. अजून मी ट्रकवर चढलोही नव्हतो आणि आबांनी मला टोळीतून काढलं होतं. उस्मानचाचांनी दोनदा विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कडी सैल आहे.

चिंचवडला वखारीत पोचलो आणि पहिल्याच तासात माझं हसं झालं. शेठनी सांगितलं, गाडी रिकामी करायला हात लाव. मी सोट शोधायला लागलो. दोन सोट आणून टेकवले, गाडीला बांधलेला दोर सोडवून ओंडक्याला घालायला लागलो आणि पाचरी कुठं आहेत असं विचारलं. वखारीतली माणसं माझ्याकडं बघत राहिली. त्यांना वाटलं, हा गाडी भरायला निघालाय. मला खरंच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर मी लाकूड चढवलं होतं, उतरताना कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या मनात असं होतं, की जितक्या निगुतीनं वर चढवलं तितक्याच निगुतीनं खाली घ्यायचं, हाळी देत, एकेक. त्यातल्या एकानं मला बाजूला केलं आणि हौद्याच्या कडेचे खुंट घणानं उडवले. सगळी लाकडं एकदम धडधडत खाली आली. मी अपघात झाला म्हणून फाटकाबाहेर पळालो. पुढं किती दिवस त्या वखारीत मला ‘सोटवाला’ म्हणत, ते विचारू नका.

शेठ कच्छी होते, बोलायला सडेतोड पण माणूस वाईट नाही. वर्षभर मी त्यांच्याकडं लाकूड उतरवलं, करवतीला लावलं. मग वखारीतूनच पॅकिंगची लाकडं एका कंपनीत जायची, तिथल्या सुपरवायझरशी ओळख झाली आणि मी कंपनीच्या पॅकिंग खात्यात लागलो. मशीन तयार झालं की त्याच्या मापाचं लाकडी खोकं करायचं, मशीन आत बसवायचं, खिळे ठोकायचे. काम बरं होतं. शिफ्ट होती, भोंगा होता, कँटीन होतं, पुढं ओव्हरटाइमही मिळायला लागला. शालनला आणलं. स्टेशनजवळच्या चाळीत एका खोलीत संसार मांडला. माझ्याबरोबर खिळे ठोकायला भालेराव होता, लातूरकडचा. बाबासाहेबांच्या जयंतीला त्याच्याकडं जेवायला आणि दिवाळीला त्यानं आमच्याकडं, असं पहिल्या वर्षापासून ठरूनच गेलं. मुलं एकमेकांच्या घरातच वाढली.

कंपनीत माझं नाव कुणाला लागत नव्हतं. कार्डावर नंबर, आणि हाक मारायची तर “ए पॅकिंग, इकडं ये”. मला त्याचं वाईट वाटलं असं नाही. लाकडावरही नंबर असतो. आमच्याकडं वनखात्याचा माणूस हातोड्यानं प्रत्येक ओंडक्याच्या बुडावर शिक्का मारतो, तेव्हाच तो रानाबाहेर पडतो. मीही तसाच बाहेर पडलेला. गंमत म्हणजे कधीकधी वखारीतून आलेल्या फळीवर तो अर्धा शिक्का दिसायचा आणि मला वाटायचं, हा आमच्या खोऱ्यातला असेल. मग त्यावर खिळा ठोकायचा.

सुट्टीला वाडीत गेलो की आबा पहिला प्रश्न तोच विचारत. ते लाकूड तिकडं जाऊन त्याचं काय होतं? पहिल्या वेळी मी सांगितलं, मशीनं ठेवायची खोकी करतात. मशीन पोचलं की खोकं फोडतात. आबा म्हणाले, “खोकी?” आणि पुढं दोन दिवस ते मधूनच तेवढंच म्हणत. जेवताना म्हणाले, खोकी. गुरांना पाणी दाखवताना म्हणाले, खोकी. ज्याला वर चढवायला सगळी वाडी घाम गाळते, त्याचं पुढं काय होतं हे कळल्यावर माणसाला असं होणारच. मी सांगितलं की काही लाकडाच्या चौकटीही होतात, पण ते त्यांना समजूत घातल्यासारखं वाटलं.

सुट्टी बहुतेक वेळा उन्हाळ्यात, म्हणजे भरणीच्या दिवसांत यायची. मी जाऊन बांधावर उभा राहायचो. टोळी सोल घ्यायची, हाळी सुरू व्हायची, आणि मी हात मागं बांधून बघत राहायचो. गणपा डोळ्यांनी खुणावायचा, ये की. मी जात नव्हतो. माझं म्हणणं असं, की आबांनी मला काढलंय, आता त्यांनी नाव घेतल्याशिवाय मी सोलाला हात लावणार नाही. आणि आबांचा नियम असा, की सोलाला हात लावल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. असे आम्ही बापलेक वर्षानुवर्षं समोरासमोर उभे राहिलो आणि मध्ये ओंडके चढत गेले. हे कुणाला सांगावं तर हसण्यासारखं होतं. शालनला सांगितलं तर ती म्हणाली, अहो, मग विचारा की सरळ. बायकांना असं वाटतं की विचारलं की झालं. मला भीती होती की मी विचारेन आणि आबा म्हणतील, व्हय, काढला. मग सुट्टीला जायचं ते कुठं?

माझ्यासारखे जे निघून आलेत त्यांना हे कळेल. आपण निघून जातो ते आपल्या पायानं, पण मागं आपली जागा राखून ठेवलेली असावी अशी आपली इच्छा असते. ती जागा कुणी मागू नये, कुणी वापरू नये, आणि आपणही तिथं जाऊन बसणार नाही. हे न्यायाचं नाही, मान्य आहे.

दिवस जात राहिले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिथं ज्वारी होती तिथं कंपन्यांच्या भिंती आल्या. ऐंशीच्या आसपास मी भोसरीच्या पुढं, आळंदी रस्त्याला जागेचा एक तुकडा घेतला आणि दोन खोल्या बांधायला काढल्या. तिथल्याच जुन्या माळकरी शेतकऱ्याचं रान होतं ते. जागा दाखवताना तो म्हणाला होता, “घ्या. पन हितं विहिरीला पानी गोड हाय, तेवढं इसरू नका.” उस्मानचाचा अजून लाकूड आणतच होते, दाढी तेवढी मेंदीनं लाल झाली होती. त्यांच्याकडं मी वाडीला निरोप धाडला की घर बांधतोय, चौकटीपर्यंत काम आलंय.

निरोपाला उत्तर म्हणून आबा स्वतःच आले. आयुष्यात पहिल्यांदा ते लाकडाबरोबर ट्रकमध्ये बसून खाली आले, आणि ते लाकूड आमच्या बांधावरच्या ऐनाचं होतं. आजोबांनी राखलेला ऐन. मगरीच्या पाठीसारखी त्याची साल, आणि बुंधा असा की दोघांच्या कवेत न मावणारा. रीतसर परवानगी काढून, शिक्का मारून त्यांनी तो पाडला होता. आईनं चाचांकरवी आधीच कळवलं होतं, म्हातारा ऐकत नाही, म्हणतो त्याच्या दाराला खोक्याचं लाकूड लावू देणार नाही.

मी पहिली शिफ्ट संपवून तसाच कंपनीच्या कपड्यांत वखारीवर गेलो. भालेराव बरोबर होता, त्याला लाकडातलं कळायचं. तर वखारीच्या फाटकात गोंधळ. आत दुसऱ्या गाडीचा माल पडलेला, म्हणून हा ट्रक फाटकातच रिकामा करायला घेतला होता. माणसांनी नेहमीसारखे खुंट उडवले. बाकीचे ओंडके बाजूला घरंगळले. ऐन शेवटी आला, फाटकाच्या खांबाला आपटला आणि आडवा अडकला, एक टोक खांबाला आणि दुसरं ट्रकच्या चाकाला. आता ट्रक पुढं जाईना, मागं येईना. रस्त्यावर मागं चाकणहून मुंबईला निघालेल्या कांद्याच्या गाड्या खोळंबल्या आणि भोंगे वाजवू लागल्या. आतली साखळी-कप्पी तिथपर्यंत पोचत नव्हती. शेठ स्वतः बाह्या वर करून दोर धरायला उभे राहिले होते.

आबा समोरच्या चहाच्या टपरीपाशी आपल्या बोचक्यावर बसले होते. लाकूड कसं उतरवतात हे त्यांनी नुकतंच पाहिलं होतं, मी पाहिलं होतं तसंच. मी पाया पडलो तरी त्यांचं लक्ष ओंडक्याकडं. एवढंच म्हणाले, “उतरवत्यात का फेकत्यात रं ही?”

दोर लावून माणसं ओढत होती. कुणी रत्नागिरीचा, कुणी लातूरचा, दोघं उत्तर प्रदेशचे. एक ‘हैश्या’ म्हणे तेव्हा दुसरा दम घेई. दुसरा ‘हय्या’ म्हणे तोवर पहिल्याचा जोर संपलेला. ओंडका जागचा हलत नव्हता, दोर तेवढा कुरकुरत होता. मी पुढं झालो तर शेठ म्हणाले, तुम्ही राहू द्या, कंपनीचे कपडे आहेत. आणि खरं सांगायचं तर मी राहू दिलं. हात खिशात घालून उभा राहिलो.

आबांनी चहा संपवला, ग्लास खाली ठेवला आणि चालत ओंडक्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. चाचांना म्हणाले, “समद्यास्नी गप ऱ्हा म्हनावं.” चाचांनी हिंदीत सांगितलं. मग आबांनी पहिला बोल काढला, देवाचा. कुणीच ‘हो’ म्हटलं नाही, काय करायचं हे कुणाला कळलंच नाही. दुसरा बोल काढला तेव्हा एकटा भालेराव ‘हो’ म्हणाला, मोठ्यानं, आणि जाऊन त्यानं दोर धरला. तिसऱ्याला सगळे म्हणाले. चौथ्याला ओंडका कुरकुरला.

आता नाव घ्यायची वेळ होती. आबांनी सवयीप्रमाणे रांगेवर नजर टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही चेहरा त्यांच्या ओळखीचा नव्हता. ते थांबले. एवढ्या माणसांचा दम रोखलेला. मग त्यांनी बोल काढला.

किसना गडी — होऽ

माझे हात खिशात होते. आबांनी सोलावर नसलेल्या माणसाचं नाव घेतलं होतं. पुढं काय झालं ते मला सांगता येत नाही, म्हणजे मी विचार करून काही केलं नाही. पाय निघाले. मी भालेरावच्या पुढं जाऊन दोर खांद्यावर घेतला, ओंडक्याकडं पाठ केली आणि वाकलो. मागून आवाज आला, म्हातारा झालेला, थोडा फाटलेला.

किसना माझा — होऽ
डोंगरचा गडी — होऽ
खोकी करतो — होऽ
चौकट बघा — होऽ
किसना वढी — होऽ

पुढं दुसरं नाव आलंच नाही. प्रत्येक दुसऱ्या बोलाला किसनाच. रत्नागिरीचा माणूस, शेठ, ते दोघं भय्ये, सगळे माझ्या नावावर ओढत होते, आणि त्यातल्या बहुतेकांना किसना कोण हे ठाऊकही नव्हतं. ओंडका आधी तसूभर सरकला, मग चाकापासून सुटला, मग हळूच फिरून आत गेला. तो खाली आदळला नाही. मला रडू आलं. मी ते घाम पुसल्यासारखं करून पुसलं आणि भालेरावनं मला लाज वाटू नये म्हणून दुसरीकडं बघितलं.

कांद्याच्या गाड्या गेल्या. आम्ही टपरीवर बसलो, आबांनी दुसरा चहा घेतला. इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते मी विचारलं. म्हटलं, “आबा, मी वाडीतनं निघालो त्या दिशी तुमी समद्यांची नावं घेतली. माजं न्हाई घेतलं.”

आबांना आठवायलाही वेळ लागला नाही. ते म्हणाले, “निघालेल्या मानसाला मागनं हाक मारत्यात व्हय?”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाहेर निघालेल्याला मागून हाक मारू नये, हे आमच्याकडं रांगणाऱ्या पोरालाही कळतं. पण सोल खांद्यावर घेऊन मी ट्रककडं पाठ केली होती, आबा मागं उभे होते, आणि हाळी म्हणजे हाकच, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आख्खा ट्रक भरेस्तोवर त्यांनी माझं नाव तोंडात धरून ठेवलं होतं, माझ्या वाटेला काही आडवं येऊ नये म्हणून. आणि मी ते काढून टाकलं असं समजून चिंचवडला आलो होतो.

तरी मी म्हटलं, “मग सुट्टीला येत हुतो तवा?”

“तवा तू सोलाला हात लावला न्हाईस.”

“आनि आज? आज तरी कुटं हात हुता माजा?”

आबांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. म्हणाले, “आज दुसऱ्या कुनाचं नाव ठावं न्हवतं मला.”

ऐन करवतीला लागला तेव्हा शेठनी कुरकुर केली, दोन पाती बोथट झाली म्हणून. चौकट झाली, दारं झाली आणि उरलेल्यातून आबांनी समोर बसून उंबरा करून घेतला. चौकट बसेपर्यंत ते राहिले. एक दिवस त्यांना आळंदीला नेलं, एक दिवस कंपनीच्या फाटकापर्यंत. तिथं रचून ठेवलेली खोकी त्यांनी हातानं वाजवून बघितली आणि म्हणाले, खिळे बरे ठोकता. एवढं प्रशस्तिपत्र मला पुरलं. भालेरावनं मात्र घोळ करून ठेवला. दुसऱ्याच दिवशी जड खोकं उचलताना त्यानं ‘किसना गडी’ असं सुरू केलं आणि सगळं खातं ‘हो’ म्हणालं. सुपरवायझर बघायलाच आला. त्या दिवसापासून आमच्या खात्यात मला नंबरानं कुणी हाक मारली नाही.

गणपा, सदू, तुम्हाला वाटत असेल की मी तिकडं सुखात आणि वाडी विसरलो. सुखात आहे, हे खोटं नाही. दोन खोल्या आहेत, नळाला पाणी येतं, पोरं शाळेत आहेत. वाडीला आता मी सुट्टीला येतो तेव्हा सोल धरतो, हे तुम्ही बघताच. पण परत राहायला येणार नाही, हेही आता मला नीट कळलंय. पूर्वी ते म्हणायला जीभ रेटत नव्हती.

आबा परत निघाले ते उस्मानचाचांच्याच ट्रकनं. ट्रक आळंदी रस्त्याला उभा होता. त्यांनी पोरांच्या हातावर खाऊ ठेवला, शालनला म्हणाले, सुखानं ऱ्हावा, आणि उंबरा ओलांडून निघाले. बोचकं त्यांनी मला घेऊ दिलं नाही. ते बोळाच्या मध्यावर गेले असतील, तेवढ्यात शालनला खुंटीला लटकलेली त्यांची चंची दिसली. पान-तंबाखूची चंची नसली तर आबा सातारा यायच्या आत हैराण होतात. शालन चंची घेऊन दारात आली आणि तिनं हाक मारायला तोंड उघडलं. मी हात वर केला. ती थांबली. मी चंची घेतली, मागच्या बाजूनं शेजाऱ्यांच्या अंगणातून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून पळत पळत रस्त्याला लागलो आणि ट्रकच्या पुढून आबांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मला धाप लागली होती. ते म्हणाले, “ऱ्हाईलीच हुती की.” चंची घेतली, कनवटीला लावली आणि वर चढले. दार त्यांनी आतून धरून ठेवलं.

ट्रक वळणापर्यंत गेला, वळला, दिसेनासा झाला. मी बोळातून परत आलो. शालन नव्या उंबऱ्याच्या आत उभी होती, तिनंही तोवर तोंडातून शब्द काढला नव्हता. मग ती म्हणाली, “अहो, या घरात. चहा गार होतोय.”

मी आत गेलो.